दुसऱ्यांदा पाणी दिलेलं पातं

सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी काचपेट्या उघडून आतल्या वस्तूंची पाहणी करायची, हे काम गेली सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, नवव्या पेटीतल्या तलवारीच्या पात्यावर, मुठीकडच्या खाचेपासून एकवीस सेंटिमीटर अंतरावर मला एक डाग दिसला. व्यास दीड मिलिमीटर. मध्ये काळपट, कडेला चहाच्या रंगाची झाक. भिंगाखाली कड किंचित उठलेली होती, म्हणजे गंज थांबलेला नव्हता, तो अजून खात होता. मला जे वाटलं त्याला धक्का म्हणणं अचूक होणार नाही. पुढे आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथे सपाट जमीन निघावी, तेवढंच झालं. पण पाऊल खाली पोचेपर्यंत जो क्षण जातो, तो मात्र फार लांबला. गोल डाग बाष्पाने पडत नाही. बाष्प बसतं ते पसरट, धूसर, आणि पात्याच्या मोठ्या भागावर. एवढा लहान, एवढा गोल डाग एका थेंबाचाच असतो. आणि बंद पेटीत थेंब वरून पडत नाही. तो आधी पडलेला असतो आणि पात्याबरोबर आत येतो. हे सगळं मला कळायला एखादा सेकंद लागला असेल. तो थेंब कोणाचा, हे कळायला तेवढाही लागला नाही.

"काय झालं, बाई? अशा का उभ्या राहिलात?" मागून ओकित्सुंनी विचारलं. पेट्यांमधली हवा कोरडी ठेवणं ही त्यांची जबाबदारी. हातात शोषक दाण्यांचा ट्रे घेऊन ते उभे होते. मी भिंग त्यांच्याकडे दिलं. त्यांनी पाहिलं, सावकाश सरळ झाले आणि ट्रे जमिनीवर ठेवला. "मेलो," ते म्हणाले. मग त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. "गेल्या वर्षी त्या खोगिराची लाख तडकली, आता हे. मार्चमध्ये करार संपतोय माझा. या वेळी नारळच देणार." समोरच्या पेटीत कॅटफिश माशाच्या शेपटीच्या आकाराचं एक उंच शिरस्त्राण होतं, त्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "मुंडकं कापलं जाणार म्हणून जुने योद्धे आधी शिरस्त्राणात सुगंधी धूप जाळून ठेवत ना? सांगा मला, कुठला आणू." मी म्हटलं, "तुमचा आलेख दाखवा." पाच आठवड्यांच्या आर्द्रतेची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. ती तशीच असणार हे मला माहीत होतं. तरी मी ती टोकापर्यंत पाहिली, कारण तेवढा वेळ मला दुसरं काही बोलावं लागलं नाही.

'शूरांचा साज' हे प्रदर्शनाचं नाव मी दिलेलं नाही. त्यात शस्त्रं आहेत, चिलखतं आहेत, आणि त्याहून अधिक जागा व्यापणारा असा सामुराईंच्या नटण्याथटण्याचा सरंजाम आहे: मोराच्या पिसांचा अंगरखा, मिशांची कंगवी, केसांना लावायच्या मेणाची डबी, दात काळे करण्याचा संच. त्या काळ्या द्रव्याचं पृथक्करण मी केलं आहे. लोखंडाचे खिळे आंबट पाण्यात महिनोन्‌महिने कुजवून केलेलं ते एक साधं संयुग आहे आणि त्याला येणारी दुर्गंधी कुठल्याही वीरकथेत नमूद नाही. इथल्या बहुतेक चिलखतांवर वार झाल्याची एकही खूण मला सापडलेली नाही. ती लढाया संपल्यानंतर घडवली गेली. अडीचशे वर्षं ही माणसं न येणाऱ्या युद्धासाठी कपडे करून तयार बसली होती. लोक ती पाहून हळवे होतात. मला त्यांत लाख, रेशीम, हरणाचं कातडं आणि लोखंड दिसतं. याला बाबा माझी 'कोरडी नजर' म्हणत. ते त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं की कसं, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता त्याची पडताळणी करण्याचा मार्ग उरलेला नाही.

माझे वडील, सोएदा शिगेहारु, शिकलगार होते, तलवारींना झिलई देणारे. बुटक्या स्टुलावर बसून, उजव्या पायाने दगडावरची दाबपट्टी रोखून धरत ते दिवसातले आठ तास पाती घासत. खरबरीत दगडापासून सुरुवात करून शेवटी नखाएवढ्या, कागदासारख्या पातळ चकत्या अंगठ्याखाली फिरवत. त्या अंगठ्यांवर ठसे उरले नव्हते. म्हातारपणी मी त्यांना फोन घेऊन दिला तेव्हा त्याला त्यांचं बोट ओळखता येईना, बाबा त्याकडे पाहून म्हणाले, "याच्या मते मी अजून जन्मलोच नाही." विनोद असा त्यांच्याकडून वर्षाकाठी एखादाच. एरवी आमच्या घरात बोलणं कमी होतं, कारण घर आणि कार्यशाळा यांच्यामध्ये एक कागदी सरकता दरवाजा तेवढा होता आणि उघड्या पात्यावर बोलायचं नाही हा नियम होता. पातं पाहताना ओठांत कागदाची घडी धरायची, म्हणजे श्वास अडतो आणि बोलण्याचा मोह होत नाही. चहा झाला की आई वाटीवर दोनदा चमचा वाजवी. असं का, हे मी सहा-सात वर्षांची असताना विचारलं होतं. बाबांनी पातं म्यानात घातलं, कागद काढला आणि मग उत्तर दिलं, "थुंकी आज दिसत नाही. तीन आठवड्यांनी दिसते." कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एवढं अंतर असू शकतं, हे मला पुढे कोणत्याही प्राध्यापकाने याहून नेमकं शिकवलं नाही.

नवव्या पेटीतली तलवार नागासे घराण्याची. एक्क्याण्णव्या वर्षीही त्या घरातल्या थोरल्या बाई, नागासे तोमी, ताठ चालायच्या असं कुणी म्हणेल. पण त्या एक्क्याण्णव वर्षांच्या नाहीत, शहाऐंशीच्या आहेत, आणि ताठही चालत नाहीत. लोक त्यांच्याविषयी अतिशयोक्ती करतात एवढंच मला म्हणायचं आहे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ही तलवार बाबांकडे आणून दिली. संग्रहालयाला ती भेट द्यायची होती आणि त्याआधी तिचा गंज उतरवायचा होता. बाबांनी तीन महिने काम केलं आणि पद्धतीप्रमाणे आपला अभिप्राय लिहून दिला: पातं अस्सल, मूळ पाणी शाबूत. तलवार घडवताना लोहार ती लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा तिला जे पाणी चढतं, त्यावर तिचा सगळा मान अवलंबून असतो. घराला आग लागून पातं तापलं तर ते पाणी उतरतं. मग कुणी तरी ते पुन्हा तापवून पुन्हा बुडवतो, धार परत येते, वरवर पाहता लक्षणीय फरकही दिसत नाही. पण जाणकारांच्या लेखी ते पातं मेलेलं. महायुद्धाच्या अखेरीस, ऑगस्टमधल्या एका रात्रीत, आमचं सगळं शहर बॉम्बफेकीत जळलं होतं, त्यामुळे इथे तशी पाती पुष्कळ. संग्रहालयात नवं यंत्र आलं होतं आणि मी चौतीस वर्षांची होते. मुठीत दडलेल्या भागावरचा गंज मी तपासला. वरचा थर हळूहळू चढलेल्या गंजाचा होता, पण त्याखाली दुसरा होता, तो काही तासांत, सातशे-आठशे अंशांवर तयार झालेला. शंकेला जागाच नव्हती: पातं आगीत तापलेलं होतं, पाणी दुसऱ्यांदा दिलेलं. सभागृहात सात जणांसमोर मी माझा अहवाल अकरा मिनिटं वाचला. संबंधित अभिप्राय ग्राह्य धरता येत नाही, असं शेवटचं वाक्य होतं. त्यात मी बाबांचं नाव घेतलं नाही आणि हा मला तेव्हा मोठा संयम वाटला. बाबा उठले, वाकले आणि म्हणाले, "माझी नजर चुकली." कोपऱ्यातल्या खुर्चीतून नागासेबाई उठल्या आणि छत्री तिथेच विसरून निघून गेल्या.

त्या वर्षअखेरीस बाबांनी काम बंद केलं. दगड वर्तमानपत्रांत गुंडाळून एका दूरच्या शिष्याला पाठवून दिले. गावात बोललं गेलं की शिकलगाराचे डोळे गेले. मलाही तेच वाटलं, कारण तेच संभवनीय होतं; त्रेसष्टाव्या वर्षी मोतीबिंदू ही काही असाधारण गोष्ट नव्हे. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "या वयात असे डोळे मी पाहिलेले नाहीत. माझ्यापेक्षा चांगले आहेत." परतीच्या वाटेवर बाबा बसच्या खिडकीतून बाहेर पाहत होते. या निकालाची मी मनात अपवाद म्हणून नोंद केली. नोंदलेले अपवाद विसरायला सोपे जातात. मग वीस वर्षं दर रविवारी मी त्यांच्याकडे डबा घेऊन जात असे, आम्ही टीव्हीवर सुमो कुस्त्या पाहत असू, आणि तलवारीचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. मला वाटे, ते लाजेने काढत नाहीत. मी दयेने काढत नाही. त्या दयेचा मला थोडा अभिमानही होता, हे इथे लिहून ठेवणं भाग आहे.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला. "ती नागासेंची पुन्हा बाहेर काढताय म्हणे." मी हो म्हटलं. "बघू देशील?" वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. गुरुवारी दुपारी ते आले. केस नुकते कापलेले, आणि अंगात कामाचा पांढरा अंगरखा, तो इस्त्री केलेला. बाहीची घडी एवढी कडक की हात उचलताना ती मोडेल की काय असं वाटावं. मी त्यांना मुखपट्टी दिली, त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि अंगरख्यातून आपली कागदाची घडी काढून ओठांत धरली. पात्याला वाकून नमस्कार केला, ते उचललं, हातभर अंतरावर दिव्याकडे धरलं आणि किंचित कलतं केलं. मी घड्याळ पाहत होते: चार मिनिटं. त्यांचा हात हलत नव्हता. मग डाव्या हाताने त्यांनी ओठांतला कागद काढला. पातं उजव्या हातात, उघडं, चेहऱ्यापासून वीतभर. मला वाटलं, त्यांना शिंक येते आहे. ते अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं." मी त्यावर दोन शब्द बोलले. त्यांनी मान हलवली, पातं खाली ठेवलं, कागदाची घडी बाहीत सरकवली. मी घाईघाईने पातं पुसलं. तीनदा पुसायचं असतं. मी एकदा पुसलं आणि त्यावर तेल फिरवलं, म्हणजे जे काही तिथे होतं ते तेलाखाली झाकून ठेवलं. नंतर आम्ही स्टेशनसमोर सोबाच्या शेवया खाल्ल्या आणि त्यांनी आपल्या वाटीतला तळलेला झिंगा उचलून माझ्या वाटीत घातला. नऊ दिवसांनी, शनिवारी सकाळी, तोंड धुण्याच्या जागी ते कोसळले. दाढी अर्धी झालेली होती. उरलेली अर्धी मी केली, कारण अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांचा हात मला पुरेसा स्थिर वाटला नाही.

त्या वाक्याचा विचार मी पाच आठवडे केला नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण मी तो एखाद्या संशयास्पद नमुन्यासारखा बाजूला ठेवला होता. म्हाताऱ्या माणसाची स्मृती स्वतःला सोयीचं रूप घेते. वीस वर्षांनी कुणीही म्हणेल, मला ठाऊक होतं. त्या वाक्याला दुजोरा कुठे होता? आता सोमवारी, भिंगाखाली, तो दीड मिलिमीटरचा होता. आणि अर्थातच तो दुजोरा नव्हता. गंजात मीठ असतं, लोखंड असतं, पाणी असतं. वाक्य नसतं. पण एक गोष्ट मात्र मला टाळता येईना. पन्नास वर्षांत ज्याने उघड्या पात्यावर एक शब्द उच्चारला नाही, त्या माणसाचं ते अनवधान नव्हतं. त्यांनी कागद काढला होता. म्यानात घालून बोलता आलं असतं, स्टेशनवर सोबा खाताना बोलता आलं असतं. जे त्यांना बोलायचं होतं ते दुसऱ्या कुठल्याही जागी बोलता येत नव्हतं, किंवा पातं हातातून सुटलं की आपण पुन्हा गप्प बसू याची त्यांना खात्री होती. स्वतःचं वर्तन त्यांनी माझ्याहून अधिक वर्षं पाहिलेलं होतं.

मंगळवारी दुपारी रखवालदाराचा फोन आला. "एक आजीबाई आल्यात. म्हणतात, शिकलगाराच्या पोरीला बोलवा." नागासेबाई नवव्या पेटीसमोर उभ्या होत्या. पेटी रिकामी होती, आत 'पाहणीसाठी हलवली आहे' अशी पाटी. काठीच्या टोकाने त्यांनी काचेवर टकटक केलं. "कुठे नेलीस आता हिला? आणखी काही शोधून काढायचं राहिलं होतं का?" मी म्हटलं, "लहानसा डाग पडलाय." "डाग! वीस वर्षांपूर्वी तू पाडलास तेवढा पुरे नव्हता वाटतं." आवाजात विष नव्हतं, सरावाने गुळगुळीत झालेला टोमणा होता तो. मी त्यांना बाकावर बसवलं. काही वेळ त्या समोरच्या मोरपिशी अंगरख्याकडे पाहत राहिल्या. "हे घालून लढायचे?" "बहुतेक नाही," मी म्हटलं, "मिरवायचे." "मग बरं." त्यांनी काठी गुडघ्यांत धरली. "तुझा बाप गेला, कळलं मला. त्याच्या फोटोपुढे धूप लावायला आले नाही मी. राग होता."

मी विचारलं नाही. त्याच बोलत गेल्या. आग लागली त्या रात्री त्या बारा वर्षांच्या होत्या. थोरला भाऊ कियोतो सोळाचा. सगळी नदीकडे पळाली, आणि मधेच तो मागे फिरला, वडिलांची तलवार आणतो म्हणून. तिसऱ्या दिवशी तो अंगणातल्या विहिरीपाशी सापडला आणि तलवार त्याच्याजवळ. "आई म्हणायची, माझ्या पोरानं ती वाचवली. आगीतून काढली, बाहेर आणली, मग पडला. मरेपर्यंत हेच म्हणायची. मामानं ती तलवार कुठेशी नेऊन परत आणली तेव्हा ती लखलखीत होती, मी लहान, मला काय कळणार?" "मी तुझ्या बापाकडे घेऊन गेले ना, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं बघून विचारलं, 'आगीतून कुणी काढली ही?' मी म्हटलं, माझ्या भावानं. सांगितलं सगळं. तो किती तरी वेळ गप्प. मग म्हणाला, 'चांगली काढली. आच लागलेली नाही.' अगं, त्या दिवशी मी घरी जाऊन आईच्या फोटोपुढे भात ठेवला. तीन महिने काय सुखात होते मी! मग तू आलीस यंत्र घेऊन." मी ऐकत होते. सभागृहातल्या सात जणांपैकी एकाचं तरी मृत्यूशी काही देणंघेणं असेल, हे मी तेव्हा विचारात घेतलं नव्हतं. अहवालात त्यासाठी रकाना नसतो. तलवार घरात होती, घराबरोबर जळली. मुलाने ती जळाल्यावर बाहेर आणली असेल, किंवा कुणी मागून त्याच्याजवळ ठेवली असेल, पण त्याने तिला वाचवलं नव्हतं. हे मी अकरा मिनिटांत सिद्ध केलं होतं. "राग तुझ्यावर नव्हता," नागासेबाई म्हणाल्या. "तू आपलं काम केलंस. राग त्याच्यावर. दिसत नव्हतं तर सांगायचं, डोळे गेलेत माझे, दुसऱ्याकडे जा. उगाच आशा कशाला लावायची म्हाताऱ्या बाईला? तेव्हा मी काही एवढी म्हातारी नव्हते म्हणा." मग त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. "एक सांग. त्याला खरंच दिसलं नव्हतं का गं?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते त्याच क्षणी पूर्ण झालं होतं. पाच आठवडे बाजूला ठेवलेल्या नमुन्याला दुजोरा देणारी साक्षीदार काठी गुडघ्यांत धरून माझ्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, "सांगता येणार नाही. तसा पुरावा नाही." हे माझं आयुष्यातलं पहिलं धडधडीत असत्य विधान, आणि ते मी माझ्या नेहमीच्या, सगळ्यांत विश्वासार्ह आवाजात केलं. ते का केलं याची कारणं मी नंतर मांडून पाहिली. त्यांना दुखवायचं नव्हतं, हे एक. ते खोटं निघालं. खरं कारण असं की 'दिसलं होतं' असं म्हटलं की लगेच पुढचं वाक्य माझ्यावर येणार होतं. बाबा आंधळे नव्हते. त्यांनी एका बाईच्या भावासाठी खोटं लिहिलं होतं, आणि मी ते खोडल्यावर, खोटारडा ठरण्यापेक्षा अडाणी ठरणं पत्करलं होतं. कारण 'मी जाणून लिहिलं' असं ते म्हणाले असते तर ते का, हे सांगावं लागलं असतं, तेही त्या बाईंच्या समोर. 'माझी नजर चुकली.' तीन शब्द, आणि वीस वर्षं. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं.

अहवाल मी बुधवारी संचालकांच्या हाती दिला. तेराशिमा सर सौम्य गृहस्थ आहेत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो दोनदा वाचला. "आर्द्रता असं लिहून चाललं असतं," ते म्हणाले. "आलेख सरळ आहे, सर." "यंत्रही चुकतं कधी कधी." "मग ओकित्सुंचा करार संपेल आणि यंत्र तसंच राहील." ते उगाच हसले. "म्हणजे कारण एक: तुमचे वडील बोलले. कारण दोन: तुम्ही नीट पुसलं नाही. सोएदाबाई, अहो, या शहरात लोक त्यांचं नाव घेऊन पोरांना शिस्त लावायचे. गेलेल्या माणसावर हे कशाला?" मी म्हटलं, "घडलं तसं लिहिलंय." "बरं. पण हे खाली काय?" त्यांनी बोट ठेवलं. घटनेच्या वर्णनात मी बाबांचं वाक्य अवतरणचिन्हांत घातलं होतं. ते घालताना मला वाटलं होतं की एकदा ते कागदपत्रांत गेलं की बाबांचे डोळे त्यांना परत मिळतील, कायमच्या फाईलमध्ये, क्रमांकासकट. "काय बोलले याने गंजाला फरक पडतो का?" तेराशिमा सरांनी विचारलं. पडत नव्हता. कुठलंही वाक्य चाललं असतं, हवामानाविषयीचंसुद्धा. आणि आणखी एक: ते वाक्य फाईलमध्ये गेलं असतं तर त्यासोबत खोटा अभिप्राय लिहिणारा शिकलगार असाही एक माणूस फाईलमध्ये गेला असता, जो होण्याचं त्यांनी वीस वर्षं टाळलं होतं. "काढून टाकते," मी म्हटलं, आणि त्यांच्याच पेनाने ती ओळ खोडली. डाग काढायला पातं क्योतो शहराला पाठवलं जाईल. तिथला शिकलगार थोडं पोलाद झिजवेल आणि जागा सपाट करेल. पात्यांची पाहणी यापुढे दुसरं कुणी करील. माझ्याकडे भांडी आणि लाकडी वस्तू. सर म्हणाले, "तात्पुरतं." तसं कधी नसतं. जिन्यात ओकित्सु भेटले. त्यांना कळलं होतं. ते एवढे खाली वाकले की मला त्यांच्या डोक्यावरचं विरळ होत चाललेलं वर्तुळ दिसलं, आणि या वेळी त्यांनी विनोद केला नाही.

खोडलेलं वाक्य आता फक्त माझ्याकडे होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, निदान एकटीसाठी नव्हतं. गुरुवारी मी सुट्टी घेतली आणि नागासेबाईंकडे गेले. त्या ओसरीवर ऊन घेत बसल्या होत्या. पुढ्यात टोपलीभर तुरट पर्सिमन फळं. सोलून, दोऱ्याला बांधून वळचणीला टांगायचे, म्हणजे नववर्षापर्यंत सुकून गोड होतात. "आलीस? मग बस, हाताला काही तरी लावून घे," त्या म्हणाल्या आणि दोऱ्याचं रीळ माझ्याकडे सरकवलं. मी बसले. काही प्रस्तावना मी वाटेत तयार केली होती, तिचा उपयोग झाला नाही. "परवा मी खोटं बोलले," मी म्हटलं. "त्यांना दिसलं होतं. पहिल्याच दिवशी."

सुरी थांबली. सालीची नारिंगी पट्टी फळावरून लोंबत राहिली. "तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"दिसलं होतं, आणि तरी म्हणाला आच लागलेली नाही?"

"हो. तुमच्या भावाचं ऐकल्यावर."

त्यांनी सुरी पुन्हा फिरवायला सुरुवात केली, पण साल तुटली. "गाढव," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "गाढव मेला. वीस वर्षं बाजारात दिसला की मी रस्ता बदलायचे. आणि तो दुरून वाकून नमस्कार करायचा! मला वाटायचं, शरमेनं करतोय." त्यांनी मनगटाने नाक पुसलं. "एक शब्द बोलायला काय झालं होतं त्याला?"

"बोलले असते तर तुम्हाला कळलं असतं."

"कळलंच ना शेवटी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे माझ्याविषयी होतं आणि त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं. वळचणीला आधीच टांगलेल्या फळांच्या सावल्या ओसरीच्या फळ्यांवर हलत होत्या. मी त्या मोजल्या, चौदा होत्या. "म्हणजे कियोतोसाठी," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या आईशिवाय आणखी एक जण खोटं बोलला." मग पुष्कळ वेळाने, सोललेलं फळ माझ्यासमोर ठेवताना त्यांनी विचारलं, "तुला कधी सांगितलं हे त्यानं?"

"सप्टेंबरात. तलवार बघायला आले होते. तलवार हातात होती तेव्हाच बोलले."

"उघडी?"

"उघडी."

"बाई गं." शिकलगाराच्या गावात वाढलेल्या बाईला याहून अधिक सांगावं लागत नाही. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मला संचालकांनी विचारला नव्हता, आणि जो मी स्वतःला विचारू दिला नव्हता. "मग तू काय म्हणालीस त्याला?"

दोऱ्याचं टोक माझ्या बोटांत होतं. वीस वर्षं, आणि त्याआधीची सगळी वर्षं, एवढ्या काळात बाबांनी मला आपणहून सांगितलेली ती एकच गोष्ट होती. मी तेव्हा त्यांच्याकडे पाहत नव्हते. मी पात्याकडे पाहत होते.

"मी म्हटलं, 'बाबा, तोंड!'"

नागासेबाईंनी दुसरं फळ उचललं, देठ आपल्याकडे वळवला आणि सुरी लावली. बराच वेळ त्या नुसत्या सोलत राहिल्या. साल या वेळी तुटली नाही.

"बरोबरच बोललीस," त्या म्हणाल्या. "थुंकी उडतेच."